वर दाब नाही

पनवेल, १४ जून १९९८

बळीराम,

वर 'प्रिय' लिहायचं राहून गेलेलं नाही. मुद्दाम गाळलंय.

तुझी रोडपाली इथून सायकलवर अर्ध्या तासाच्या रस्त्यावर, आणि मी तुला तिकीट लावून टपालाने पत्र पाठवतोय. तुझ्या दारात पाय ठेवणार नाही असं मी परवा आशालतासमोर बोलून बसलोय, आणि फोनवर तुझा आवाज ऐकला की माझं डोकं फिरतं. बोलायचं तर आहे. म्हणून हे पत्र.

काल वडाळे तळ्यावर चहा प्यायला गेलो, तर टपरीवरच्या पोराटोरांनी मला विचारलं, "साहेब, व्हॉल्व्ह बंद झाला का?" हे त्यांना कोणी सांगितलं? हिमालयात आपल्या ग्रुपबरोबर गेलेली बाकीची मंडळी ठाण्या-डोंबिवलीची. पनवेलात परत आलेले आपण दोघंच. मी सांगितलेलं नाही. तू गावभर तुझी बाजू सांगत फिरतोस, तर माझी बाजू लेखी असू दे. तुला सगळं ठाऊक आहे, तरी वाच.

मॅट्रिकच्या सुट्टीत माणिकगडावर बसून आपण ठरवलं होतं की एकदा तरी हिमालयातली खिंड पायी ओलांडायची. त्यानंतर माझी पाणीखात्यातली नोकरी, तुझे टेम्पो, पोरांची शिक्षणं, तुझ्या जमिनीची सिडकोशी चाललेली भांडणं. छत्तीस वर्षं कर्नाळा आणि प्रबळगड चढून समाधान मानलं. आणि यंदा शेवटी गेलो. तिसऱ्या कॅम्पवर पोचलो तेव्हा खिंड समोर दिसत होती, बळीराम. काळ्या दगडांच्या दोन खांद्यांमध्ये पांढरी पट्टी. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं आणि दुपारी पलीकडे. हातातोंडाशी आलेला घास म्हणतात तो हा.

माझं डोकं दुखत होतं, कबूल. आदल्या दिवसापासूनच दुखत होतं. जेवण जात नव्हतं. सकाळी उपमा खाल्ला तो उलटून पडला. आमच्या घरात डोकं दुखून उलटी झाली की तिसऱ्या शब्दाची गरज लागत नाही, पित्त म्हणतात त्याला. माझी आई म्हणायची, आजोबा म्हणायचे. आख्ख्या पनवेलात ज्याचं डोकं दुखतं त्याला पित्तच झालेलं असतं. आदल्या संध्याकाळी आचाऱ्याने छोल्यांवर बोटभर तेल आणलं होतं, ते तूही बघितलंस. एक दिवस तंबूत पडून राहिलो असतो, कोकमाचं पाणी घेतलं असतं, तर उतरलं असतं. आपला लीडर निकेशसुद्धा म्हणाला की काका, एक दिवस आराम करून बघू. त्याला कळतं ते तुला कळत नाही?

पण नाही. तू मला तंबूबाहेर काढलंस आणि सगळ्यांच्या देखत टाचेला चवडा टेकवून सरळ रेषेत चालायला लावलंस. दारुड्याला हवालदार चालवतो तसं. मी सरळच चाललो. दोनदा खाली बसलो ते पायाखालचा दगड हलला म्हणून. डावा बूट उजव्या पायात होता हे तू चवीने सांगतोस, पण तंबूत अंधार असतो, कोणाचंही होईल. आणि मी निकेशला टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायला सांगितलं म्हणे. मला ते आठवत नाही, आणि जे मला आठवत नाही ते मी केलं असं मी मानत नाही.

मग तू ते वाक्य बोललास. मी विसरलेलो नाही. "कमलाकर, तू लोकांना काय सांगतो? वर दाब नाय, खाली उतरा नि भरा. मंग आता तू पन उतर."

सगळे हसले. नोकरीची सगळी वर्षं मी हे वाक्य चौथ्या मजल्यावरच्या बायकांना सांगत आलो. त्या रिकामी बादली घेऊन ऑफिसात भांडायला येतात, आणि मी म्हणतो, बाई, वर पाण्याला दाब नाही, तुमच्या नळाचा काही दोष नाही, खाली उतरा आणि भरा. ते माझं वाक्य आहे. ते तू माझ्यावर वापरलंस, तेही परक्या पोरांसमोर.

त्यानंतर माझ्या कमरेला दोर बांधलास. दुसरं टोक स्वतःच्या कमरेला. बाजाराला बैल नेतात तसं मला त्या उतारावरून खाली आणलंस. मी वाटेत तुला काय काय बोललो ते मला आठवतं, आणि त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. खालच्या गावात आल्यावर दुसऱ्या दिवशी मी चार पोळ्या खाल्ल्या. म्हणजे पित्तच होतं ना? उतरलं.

खरं सांगू? तुझेच पाय गळाले होते. ती खिंड बघितलीस आणि माझ्या पित्ताचं निमित्त तुला आयतं सापडलं. तुला जमणार नव्हतं, म्हणून तू मलाही जाऊ दिलं नाहीस.

कमलाकर

ता. क. तुझा लोकरीचा कानटोप माझ्या पिशवीत आलाय. भामावहिनींच्या हाती पाठवतो. घरात ठेवून घ्यायची इच्छा नाही.


पनवेल, ६ सप्टेंबर १९९८

बळीराम,

गणपतीला तू आलास. दरवर्षी येतोस, आलास. देवाला येणाऱ्याला मी अडवणार नाही, पण मला भेटायला यायचं कारण नव्हतं. आशाने तुला सांगितलं की मी कामावर गेलोय. त्यावर तू म्हणालास, "मंग न्हाणीत कोन खोकतंय?"

हो, मी न्हाणीघरात होतो. माझं घर आहे, मी कुठेही बसेन. तू दारापाशी आलास, "बरा हाय ना?" असं विचारलंस, आणि मी उत्तर दिलं नाही तेव्हा दोन मोदक खाऊन निघून गेलास. बाकी पाहुण्यांसमोर आशा कानकोंडी झाली. ती अजून माझ्याशी धड बोलत नाही, आणि त्याचं खापरही मी तुझ्यावरच फोडतो.

परवा मच्छीबाजारात तिला भामावहिनी भेटल्या. करंजा बंदरातली कोळंबी घेता घेता म्हणाल्या, "ह्यांनी पन नाय बगितली ती खिंड. छत्तीस वर्सं बोलत व्हते. कोनाला सांगत नायत, पन झोपेत बोलतात." आशाने हे घरी येऊन मला जसंच्या तसं ऐकवलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. कोळंबी तिने जरा जास्तच तिखट केली होती. मी म्हटलं, त्याला उतरायला कोणी सांगितलं होतं? माझ्याबरोबर एक हमाल दिला असता आणि स्वतः पुढे गेला असता.

आणखी एक. मी डॉक्टरांकडे गेलो होतो. गुडघ्यासाठी. गुडघ्याचं झालं, मग त्यांनी सहज सुट्टीत कुठे गेला होतात म्हणून विचारलं, म्हणून सांगितलं. ते म्हणाले की त्या उंचीवर हवा विरळ असते, श्वास तेवढाच घेतला तरी प्राणवायू कमी मिळतो. शरीर सावरायला बघतं, छाती जोरात चालते, रक्त घट्ट होतं, पण त्याला दिवस द्यावे लागतात. घाई केली तर कोणाच्या मेंदूला सूज येते, कोणाच्या छातीत पाणी भरतं. पैलवान असो, पोरगा असो, आधी कळत नाही. डोकं दुखणं, उलटी, तोल जाणं, बरळणं, हे सगळं त्याचंच. आणि औषध म्हणाल तर पहिलं औषध खाली उतरणं. "नशीब तुमचं," म्हणाले. "कोणी आणलं तुम्हाला खाली?"

मी म्हटलं, मीच आलो.

डॉक्टर अजून पोरगेलेसे आहेत. पित्ताचं त्यांना फारसं कळत नसावं. त्यांच्या पिढीत पित्त मानत नाहीत.

कमलाकर


पनवेल, १२ मे १९९९

बळीराम,

आठ महिने लिहिलं नाही, त्याचा अर्थ राग गेला असा घेऊ नकोस. डिसेंबरात ऋचाच्या लग्नाचं आमंत्रण तुला आशाने केलं. तू वाढपात उभा होतास ते मी बघितलं. माझ्या द्रोणात दोनदा मठ्ठा वाढलास. मी वर पाहिलं नाही, पण मठ्ठा प्यायलो, कारण अन्नावर राग काढायची आमच्याकडे पद्धत नाही.

आता लिहितोय ते तुला कळावं म्हणून. मी परत चाललोय. तीच खिंड, तोच निकेश, वीस तारखेला निघायचं. आणि बरोबर कोण आहे ठाऊक आहे? जावई.

यंदा ज्येष्ठ अधिक आहे. धोंड्याचा महिना. पहिलाच अधिक, तेव्हा जावयाला घरी बोलावून, जेवू घालून, अनारशांचं वाण द्यायचं. आशाने शार्दूलला पुण्याला फोन करून विचारलं की चांदीचं ताट आवडेल की अंगठी. तर तो म्हणाला, "आई, ताट नको, अंगठी नको. बाबांना सांगा, वाण म्हणून मला ती खिंड दाखवा." ऋचाने त्याला माझी गेल्या वर्षीची हकीकत सांगितली होती, माझ्या बाजूची. मला काय वाटलं असेल ते तुला कळणार नाही, तुला मुलगी नाही. एवढ्या वर्षांत कोणी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं जे मला स्वतःलाही हवं होतं.

पोरगा दणकट आहे. रोज व्यायामशाळेत जातो, दंड माझ्या मांडीएवढे. गेल्या रविवारी आम्ही पाठीवर ओझं घेऊन कर्नाळा चढलो, तर हा वर जाऊन माझ्यासाठी लिंबू-सरबत करून बसला होता. त्याला काही होणार नाही. आणि यंदा पित्ताचा बंदोबस्त पुरा आहे. मोरावळ्याची बरणी, सूतशेखरच्या गोळ्या, कोकमाचं आगळ. आशाने वाणाचे तेहतीस अनारसे साजूक तुपात तळून डब्यात भरलेत. म्हणते, खिंडीत पोचलात की तिथेच द्या त्यांना.

हे सगळं भामावहिनींच्या कानावर गेलं असणार, कारण काल त्यांनी आशाजवळ तुझा निरोप दिला. "ह्यांनी सांगितलंय, जावयाला रोज सकाळी सरळ रेषेत चालवून बगा."

बळीराम, तुझी अक्कल कुठे चरायला गेलीय का? जावई आहे तो. जावई म्हणजे दहावा ग्रह, नवांपेक्षा वरचढ. धोंड्याच्या महिन्यात मी त्याला दहा माणसांसमोर दारुड्यासारखा चालवू? त्याच्या आईला पुण्यात काय तोंड दाखवू? तू माझं हसं केलंस तेवढं पुरे. माझ्या मुलीच्या संसारात तुझी रेघ ओढू नकोस.

कानटोप परत पाठवलास तो मिळाला. घालणार नाही, पण पिशवीत राहू देतो. आशाने भरलाय.

कमलाकर


कुलूच्या खोऱ्यातून, २६ मे १९९९

बळीराम,

इथे टपालपेटी आहे म्हणून चार ओळी. नाहीतर लिहिलं नसतं.

मी ठणठणीत आहे. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच चाललोय, गुडघ्याच्या डॉक्टरांनी. दिवसा वरपर्यंत चढून यायचं आणि झोपायला खाली यायचं. पाणी तहान नसली तरी प्यायचं. पावलं मोजकी टाकायची, बोलता येईल इतक्याच वेगाने चालायचं. पहिले दोन दिवस बुटाची नाडी बांधली तरी छाती धपापत होती आणि कानात स्वतःचेच ठोके ऐकू यायचे. आज ते कमी झालंय. शरीर हळूहळू शहाणं होतं, त्याला वेळ द्यावा लागतो. गेल्या वर्षी आपण वेळ दिला नव्हता. घाई तूच करत होतास.

शार्दूलला हे पटत नाही. तो पुढे पळतो, वर जाऊन शिट्टी मारतो, आणि मी मागून येतो तोवर त्याचे फोटो काढून झालेले असतात. आराम करायच्या दिवशीही हा वरच्या टेकाडावर धावत जाऊन आला आणि तिथेच ऊन खात पडला. निकेश म्हणतो, काका, जावई जबरदस्त आहेत. कौतुक मलाही वाटतं.

अनारशांचा डबा त्याने पहिल्याच दिवशी फोडला. खिंडीची वाट कसली बघतोय. रोज दोन खायचा. आज खाल्ले नाहीत. तुपाचे आहेत, उंचीवर जड जातात.

उद्या निघतो. परवा तिसरा कॅम्प.

कमलाकर


त्याच गावातून, २ जून १९९९

बळीराम,

मी इतका चिडलोय की पेन कागदातून आरपार जातंय. आधी सगळं वाच, मग कोणावर चिडलोय ते तूच ठरव.

तिसऱ्या कॅम्पवर पोचलो तेव्हा ऊन होतं. खिंड तिथेच होती, तशीच. मी दगडावर बसून बघत राहिलो. रात्री शार्दूल जेवला नाही, सूप नको म्हणाला. त्याचा श्वास झोपेत मधेच थांबायचा आणि मग एकदम धाप लागल्यासारखा सुरू व्हायचा. सकाळी तंबूमागे जाऊन त्याने उलटी केली, तोंड पुसत हसत आला आणि म्हणाला, "बाबा, काही नाही, पित्त झालंय. आईंचे अनारसे तुपातले ना."

तो शब्द माझा होता.

तुला वाटेल मी लगेच उठलो. नाही उठलो. मी त्याला मोरावळा दिला. वर सूतशेखरच्या दोन गोळ्या दिल्या. निकेश म्हणाला, काका, जावई तुमचे, तुम्ही ठरवा. आणि मी दुपारपर्यंत नुसता ठरवत बसलो. जावई आहे. त्याने मागून घेतलेलं वाण आहे. ते समोर दिसतंय, एका सकाळच्या वाटेवर. याला उतर म्हणालो तर पुण्यात काय होईल, ऋचाला काय ऐकून घ्यावं लागेल, हे सगळं मनात मांडत होतो, आणि तो तिथे डोकं धरून बसला होता.

मग तो बूट घालायला लागला. डावा बूट उजव्या पायात घालत होता आणि तो जात नाही म्हणून बुटावर चिडत होता. तंबूत अंधार नव्हता, बळीराम. भर दुपार होती.

मी त्याला बाहेर काढलं. जावई म्हणून एवढंच केलं की आधी मी चाललो. म्हटलं, गंमत आहे, बघा जमतंय का. टाचेला चवडा लावून मी त्या दोन दगडांमध्ये सरळ गेलो आणि परत आलो. तो हसला, उठला, तिसऱ्या पावलाला कलंडला आणि खालीच बसला. तिथला कुठलाही दगड हलत नव्हता. मी पायाने दाबून बघितले सगळे.

मी म्हटलं, "शार्दूलराव, वर दाब नाही. खाली उतरायचं."

तो काय म्हणाला ऐक. "तुम्हाला गेल्या वर्षी जमलं नाही, म्हणून तुम्ही मलाही जाऊ देत नाही."

वाचलंस? परत वाच. माझ्या पहिल्या पत्रात शोध, सापडेल. जावई नसता तर मी त्याच्या थोबाडीत दिली असती. आणि गेल्या वर्षी हे मी तुला लिहिलं तेव्हा तू येऊन माझ्या थोबाडीत का दिली नाहीस, हे मला कळत नाही. मी तर तुझा जावई नव्हतो.

मी निकेशकडून दोर घेतला. एक टोक त्याच्या कमरेला, एक माझ्या. निकेशने एक गाववाला बरोबर दिला, तो पुढून हात धरत होता. बाकीचे बघत उभे होते. शार्दूल पहिल्यांदा शिव्या घालत होता, इंग्रजीत आणि मराठीत. मग शिव्या थांबल्या, त्याची मला जास्त भीती वाटली. एका वळणावर त्याने मला अगदी नम्रपणे विचारलं, "काका, स्वारगेट आलं का?" मी म्हटलं, येतंय. थोड्या वेळाने परत विचारलं. मी म्हटलं, पुढचाच स्टॉप. बळीराम, त्या उतारावर मी त्याला दर वळणाला स्वारगेट आणून देत होतो. एवढा धिप्पाड पोर, माझ्या खांद्यावर भार टाकून चाललेला, आणि माझ्या डोळ्यांसमोर फक्त ऋचा. मी तिला काय सांगणार होतो? पित्त झालं होतं म्हणून?

आशाने भरलेला तुझा कानटोप मी त्याच्या डोक्यात घातला. वारं होतं.

दुसऱ्या कॅम्पच्या खाली आलो तशी त्याची धाप कमी झाली. झाडांच्या पट्ट्यात आलो तेव्हा त्याने पाणी मागितलं आणि ते पोटात राहिलं. गावात आलो, एक रात्र गेली, आणि सकाळी उठून त्याने सहा पोळ्या खाल्ल्या. इथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, म्हणाल्या वेळेवर आणलंत, आता चिंता नाही. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडलो. कोणी बघितलं नाही. बघितलं असतं तरी चाललं असतं.

आणि आता ऐक पुढचं. माणूस खाली आला की शुद्धीवर येतो, आणि शुद्धीवर आला की पहिलं काम रागावण्याचं करतो. शार्दूल माझ्याशी बोलत नाही. बुटाचं त्याला आठवत नाही. स्वारगेटचं आठवत नाही, मी असलं काही बोललोच नाही म्हणतो. त्याचं म्हणणं, पित्त होतं, एक दिवस पडून राहिलो असतो तर उतरलं असतं. सहा पोळ्या खाल्ल्या, म्हणजे पित्तच होतं ना? हे तो मला सांगतो. मला!

रस्त्यावरून लष्कराच्या गाड्या सारख्या जातायत, तिकडे कारगिलला लढाई चालू आहे, त्यामुळे एसटीडी बूथवर रांग. दोन तास उभा राहून घरी फोन लावला तर शार्दूलचा फोन पुण्याला आधीच होऊन गेला होता. ऋचा पहिल्यांदा रडली, मग माझ्यावर ओरडली की बाबा, तुम्ही त्यांना दोरीने बांधलंत? सगळ्यांसमोर? विहीणबाईंनी आशाला सुनावलं की अधिकात जावयाला वाण देतात असं ऐकलं होतं, दावं लावतात हे नव्यानेच कळलं. आशा मात्र फोनवर एवढंच म्हणाली, "आणलंत ना खाली? मग ओरडू दे सगळ्यांना." आणि मग म्हणाली, "आता कळलं का?" मी फोन ठेवला. पैसे संपले होते.

निकेश आणि बाकीचे खिंड ओलांडून पलीकडे गेले. मला ती पुन्हा खालूनच दिसली.

तर आता सांगतो कोणावर चिडलोय. शार्दूलवर आहेच, पण तो जिवंत आहे, तेव्हा त्याच्याशी भांडायला आयुष्य पडलंय. माझा राग तुझ्यावर आहे. तू हे मला आधीच सांगायला हवं होतंस. उतरवणाऱ्याला कसं वाटतं हे. आपण ज्याला ओढत आणतोय तोच पाठीमागून शिव्या घालतो आणि आपल्याला तोंड मिटून पाय रोवावे लागतात, हे. टपरीवर व्हॉल्व्हची गोष्ट सांगितलीस, मग ही का नाही सांगितलीस? वर्षभर मी तुला पत्रांतून वाट्टेल ते लिहीत होतो आणि तू काय केलंस? मठ्ठा वाढलास. न्हाणीघराच्या दाराशी उभा राहून "बरा हाय ना?" एवढंच विचारलंस आणि मोदक खाऊन गेलास. दार का नाही फोडलंस, गाढवा?

हे पत्र तुला मिळेपर्यंत मी रोडपालीत पोचलेला असेन. दारात पाय ठेवणार नाही असं म्हणालो होतो, तर ओटीवर बसेन. लपायचं नाही. तुझ्या न्हाणीला खिडकी आहे, मला ठाऊक आहे. पुढच्या वर्षी मी पुन्हा जाणार आहे, आणि बरोबर कोण येणार ते मी ठरवलंय. त्याला विचारणार नाही.

अनारशांचा डबा आणतोय. शार्दूल हात लावत नाही म्हणतो. उतारावर आपटून निम्मे फुटलेत, पण तूप चांगलं आहे, वास आलेला नाही. अधिकात ते जावयालाच द्यायचे असतात, हे मला माहीत आहे. तोंड उघडून मला शिकवू नकोस. खा.

कमलाकर